सेकंड होम घ्यायचंय? आधी एकदा जुलैत जाऊन या

मागच्या अंकात या सदरात मी सहज लिहिलं होतं की कर्जत-खोपोलीकडे घर बघायला ब्रोकरच्या एसी गाडीतून जाऊ नका, आपली लोकल पकडा, स्टेशनवरून रिक्षा करा, म्हणजे रस्ता खरा कसा आहे ते कळेल. एवढ्यावर पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. आणि आधीच सांगतो, मी वकील नाही. बँकेच्या कर्ज खात्यात ३२ वर्षं लोकांचे कागद तपासले आणि कर्जतजवळच्या एका छोट्या बंगल्यात माझा तिसरा हिस्सा आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं अर्धं कागदांवरून शिकलेलं आणि अर्धं खिशाला चाट बसून.

आम्ही मुलुंडला राहतो, दोघंही नोकरी करतो, शेती कुणाकडेच नाही. नेरळच्या पुढे एका स्कीममध्ये ५ गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट बघितला. समोर डोंगर, बाजूला ओढा, एकदम झकास. ब्रोकर म्हणतो सातबारा सामाईक आहे, २० जणांची नावं एकत्र चढतील, एनए (बिगरशेती परवानगी) नंतर होऊन जाईल, रविवारपर्यंत ५१ हजार टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे. द्यावं का?

नाही. रविवारी घरी बसा, मटण आणा, मस्त झोप काढा. ती दुसरी पार्टी मी ३२ वर्षं ऐकतोय, अजून एकदाही भेटलेली नाही.

आता का ते सांगतो, जरा लांबेल. महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ चा कूळ कायदा आहे, त्याचं कलम ६३. तुम्ही दोघं शेतकरी नाही म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती जमीन तुमच्या नावावर होऊच शकत नाही, आणि केलीच कुणी जुगाड करून तर उद्या तो व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणून मग हे लोक वेगवेगळ्या वाटा सांगतात, कोण म्हणतो साठेखत (पुढे विकायचा करार) करू आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार) देऊ, कोण म्हणतो माझ्या गावच्या मामाच्या नावावर घेऊ आणि तुम्ही फक्त ताबा ठेवा. मामाच्या नावावर घेतलेली जमीन मामाची असते हो! मामा चांगला असेल, पण मामाची मुलं? आणि वर बेनामी व्यवहाराचा कायदा आहे तो वेगळाच.

दुसरं, ५ गुंठे. म्हणजे ५,४४५ स्क्वेअर फूट, ऐकायला छान वाटतं. पण शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकायला १९४७ पासून तुकडेबंदी कायदा आहे. त्यात सरकार अधूनमधून बदल करतं, सूट देतं, म्हणून खरेदीच्या दिवशी तुमच्या गावाला नेमका काय नियम लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या, ब्रोकरच्या तोंडी नको. सामाईक सातबारा हा या तुकडेबंदीतून काढलेला पळवाटीचा रस्ता आहे. तुमचं नाव चढेल सुद्धा, पण कुठले ५ गुंठे तुमचे हे सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. तो रंगीत नकाशा, प्लॉट नंबर १४, क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, तो स्कीमवाल्याच्या ड्राफ्ट्समनने काढलाय, सरकारदरबारी त्याची किंमत शून्य. बँक त्यावर लोन देत नाही, आम्ही तर फाइल पहिल्या पानावरच बंद करायचो. आणि विकताना बाकीच्या १९ जणांशी गाठ आहे. त्यातला एक कॅनडाला, एक वारलेला आणि त्याच्या तीन मुलांचं आपसात बोलणं बंद, मग करा गोळा सह्या.

तरी जागा फारच आवडली असेल तर निदान कागद वाचा. सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा. त्यावर वर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते बघा. वर्ग १ म्हणजे मालकाला सहसा विकायला मोकळीक असते, वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकताच येत नाही, इनामाची वतनाची कुळाची बरीच भानगड त्यात येते. मग खाली 'इतर हक्क' असा रकाना असतो, लोक तो वाचतच नाहीत, आणि सगळं विष तिथेच असतं. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा दावा, आणि आपल्या या डोंगरपट्ट्यात खास म्हणजे 'खाजगी वन' असा शेरा. १९७५ च्या खाजगी वन कायद्यात गेलेली जमीन असेल तर तिथून उलट्या पावली परत यायचं. कर्जत-खालापूर भागात ठाकर, कातकरी समाजाच्या जमिनी पण भरपूर आहेत, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायला कलेक्टरची परवानगी आणि त्याच्या आधी सरकारची मंजुरी लागते. म्हणून नुसता आजचा सातबारा बघून भागत नाही, जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आधीचा मालक कोण त्याच्या आधीचा कोण हे बघा. तलाठ्याकडे जाऊन एक चहा प्या. गावात कुठल्या जमिनीवर भांडण आहे हे तलाठ्याला आणि चहावाल्याला सगळ्यात आधी माहीत असतं.

एनए नंतर होईल हे वाक्य तर मला पाठ आहे. एनएचे नियम मधल्या काळात सोपे झालेत हे खरं आहे, पण ते जिथे बांधकाम मंजूर होऊ शकतं तिथे. हरित पट्टा असेल, वन असेल, माथेरानच्या भोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये (पर्यावरणासाठी बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात) गाव येत असेल, तर अर्ज करून काय होणार? आणि तो झोन फक्त माथेरानच्या डोक्यावर नाही, खाली कर्जत, खालापूर, पनवेलकडची गावंही त्यात आहेत, तेव्हा तुमचं गाव आहे का ते आधी विचारा.

माझं स्वतःचं सांगतो. आमच्या बंगल्याच्या आधी आम्ही एक प्लॉट जवळजवळ घेतला होता. एनए होता, कागद साफ होते, मी स्वतः तपासलेले, त्यामुळे मी जरा फुशारकीतच होतो. हद्द म्हणून जमिनीवर फक्की मारलेली, कोपऱ्यात आंब्याचं झाड, बायकोने झाडाखाली झोपाळा कुठे बांधायचा ते पण ठरवलं. मग साडूने हट्ट धरला की भूमी अभिलेखवाल्यांची सरकारी मोजणी करू. मोजणीवाले आले, मशीन लावलं, आणि आमची हद्द निघाली तीस-पस्तीस फूट खाली, थेट ओढ्याच्या पात्रात. आंबा शेजाऱ्याचा! विसार दिलेला होता तो परत मिळायला आठ महिने लागले आणि पूर्ण मिळाला नाही तो नाहीच. म्हणून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात आल्याशिवाय खरेदीखताच्या गोष्टी करू नका. आणि तुमच्या त्या झकास ओढ्याबद्दल, एप्रिलमध्ये तो बाजूला असतो, जुलैत कुठे असतो ते जाऊन बघा.

शेती नसलेल्या माणसाला सरळ रस्ता एकच, मंजूर लेआउटचा एनए प्लॉट किंवा बांधलेलं घर. प्रोजेक्ट ५०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनीवर असेल, मग ते नुसते प्लॉट असले तरी, महारेराचा, म्हणजे घरप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा आहे, तो मोबाइलवर स्कॅन करा आणि काय उघडतं ते वाचा, कंटाळा करू नका. अशा प्रोजेक्टमध्ये रजिस्टर करार व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे मागता येत नाहीत. फुलपेजवर नट-नट्यांचे फोटो असलेली आणि क्यूआर नसलेली जाहिरात दिसली की पेपर रद्दीत.

मी डोंबिवलीची. वडिलांची सातारा जिल्ह्यात शेती होती, ते २०१९ ला गेले, सातबाऱ्यावर आता दोन भावांचीच नावं आहेत. मी शेतकरी होऊ शकते का? म्हणजे मला पाचगणीकडे छोटी जमीन घेता येईल.

ताई, 'होऊ शकते का' असं विचारूच नका, वारस म्हणून तुमचा हक्क आहेच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा आहे, लग्न झालं म्हणून तो जात नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये तेही स्पष्ट केलंय की २००५ साली वडील हयात होते का नव्हते याने फरक पडत नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, सातबाऱ्यावर नाव आलं की व्यवहारात तुम्ही शेतकरी, त्यावर दाखला निघतो.

फक्त एक आठवून बघा. वडील गेल्यावर भावांनी कुठल्या कागदावर सही घेतली होती का? हक्कसोडपत्र असतं ते. बऱ्याच बहिणी दिवसांच्या गडबडीत तालुक्याला जाऊन सही करून येतात, काय लिहिलंय ते न वाचता, आणि भाऊबीजेला साडी येते. रजिस्टर हक्कसोड झालेलं असेल तर विषय अवघड आहे, वकील गाठावा लागेल. झालेलं नसेल तर अर्ज टाकायच्या आधी भावांना फोन करून सांगा की मला जमीन वाटून नकोय, नाव हवंय. नोटीस आधी गेली तर तुमचं माहेर तुटेल. सांगूनही ऐकलं नाही तर मग टाका अर्ज, हक्काची गोष्ट आहे.

पाचगणीचं म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह आहे. तिथे शेतजमीन मिळाली म्हणजे बंगला बांधता येईल असं अजिबात नाही. स्ट्रॉबेरी लावायची असेल तर जरूर घ्या.

दादरला फ्लॅट आहे, रिटायर झालो, लोणावळ्यात वीस वर्षं जुना बंगला मिळतोय, भाव बरा आहे. फेब्रुवारीत बघितला, उत्तम स्थितीत आहे, नुकताच रंग दिलाय. काय तपासू?

काका, नुकताच रंग का दिलाय ते तपासा.

घाटमाथ्यावरचं घर फेब्रुवारीत बघणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलगी बघणं. मुंबईकराला पाऊस माहीत असतो असं आपल्याला वाटतं, २६ जुलैचे ९४४ मिलिमीटर आपण अजून सांगत असतो, पण ते एका दिवसाचं होतं.  लोणावळ्याला जून ते सप्टेंबर भिंती सुकतच नाहीत. धुकं खिडकीतून आत येतं हे फोटोत छान दिसतं, पण तेच धुकं गादीत, उशीत, कपाटात, टीव्हीच्या मागे जाऊन बसतं. मी ऑगस्टमध्ये आमच्या बंगल्याचं कपाट उघडलं तर माझ्या चामड्याच्या चपलांना हिरवी दाढी आलेली.

तेव्हा मालकाला सांगा, जुलैत एक रात्र राहून मग बोलू. नाही म्हणाला तर त्याने उत्तर दिलंच आहे. राहायला मिळालं तर वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे बघा, बाथरूमच्या मागची भिंत हाताने दाबून बघा, पोपडे येतात का, दरवाजे फुगून अडकतात का, लाकडाला वाळवी आहे का. पश्चिमेच्या बाजूला पत्र्याची शेड आहे का बघा, तिकडून पाऊस आडवा येतो. स्लॅबवर नुसतं वॉटरप्रूफिंग असून चालत नाही, वर पत्र्याचं छप्पर असलेलं बरं, दिसायला वाईट दिसतं पण दिसू दे. सेप्टिक टँक कुठे आहे आणि पावसात तो उलटा येतो का हे शेजाऱ्याला विचारा, मालक सांगणार नाही.

मग परत एकदा मे महिन्यात जा. यावेळी नळ उघडा. पाऊस कितीही पडला तरी आपला सह्याद्रीचा काळा दगड पाणी धरून ठेवत नाही, बरीचशी बोअर एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते आणि टँकरवाल्याचा नंबर घरात देवाच्या फोटोशेजारी लिहून ठेवायची वेळ येते. लोणावळ्यात नगरपरिषदेचं पाणी आहे त्यामुळे तुमचं बरं, पण हा बंगला हद्दीत येतो की बाहेर ग्रामपंचायतीत ते बघा. 'लोणावळा' म्हणून विकलेली निम्मी घरं लोणावळ्यात नसतात.

कागदाचं म्हणाल तर जुन्या बंगल्यात एकच गोष्ट नक्की बघा, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतंय का. वीस वर्षांत मागे एक खोली, वर गच्चीवर एक खोली, स्विमिंग पूल, असं वाढवलेलं असतं. राज्यभरासाठी २०२० ला एकत्र बांधकाम नियमावली आली पण त्यातून लोणावळा आणि हिल स्टेशनच्या नगरपरिषदा वगळलेल्या आहेत, म्हणजे तुमच्या पुण्याच्या भाच्याने सांगितलेला एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) इथे लागू नाही. ग्रामपंचायतीतलं घर असेल आणि मालक नमुना ८ दाखवत असेल तर लक्षात ठेवा, तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. आणि ८अ म्हणजे वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. या दोन आठांमध्ये भलेभले फसलेत.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर आमच्या वहीतून सांगतो. केअरटेकरला महिना १० हजार, वर्षाला एक पावसाळ्याआधीची डागडुजी ती साधारण ६०-७० हजारांच्या घरात, वीज न वापरता सुद्धा महावितरणचा स्थिर आकार, घरपट्टी, पाणी, इन्व्हर्टरची बॅटरी दर तीन-चार वर्षांनी. थोडक्यात आम्ही वर्षाला दोन लाखांच्या आसपास घालतो आणि मागच्या वर्षी मी तिथे एकूण १९ रात्री राहिलो. भागाकार बायकोसमोर करू नका.

बोरिवलीहून. ६० लाखांचं लोन काढून इगतपुरीला व्हिला घेतोय, आम्ही महिन्यातून एकदा जाऊ, बाकी वीकेंडला भाड्याने देऊ, ईएमआय त्यातून निघेल असं बिल्डरने एक्सेलमध्ये दाखवलंय. समृद्धीमुळे भाव पण वाढणार ना?

एक्सेल बिल्डरची आहे तर त्यात तोटा कसा दिसेल. आपण आपली करू. ९ टक्क्याने २० वर्षांसाठी ६० लाख म्हणजे ईएमआय साधारण ५४ हजार, वर्षाचे ६ लाख ४८ हजार. आता समजा एका रात्रीचे ९ हजार मिळाले आणि वर्षातले निम्मे वीकेंड भरले, म्हणजे २६ वीकेंड, दोन-दोन रात्री, झाले ४ लाख ६८ हजार. हे सगळं हातात आलं असं धरून. त्यातून ॲपचं कमिशन जातं, चादरी धुणं जातं, साफसफाई, केअरटेकर, गीझर आणि एसीची वीज, फुटलेले ग्लास, पूल असेल तर त्याचं क्लोरीन. आणि तुम्हाला स्वतःला जायचंय तो वीकेंड नेमका गणपती-दिवाळी-थर्टी फर्स्टचा, म्हणजे सगळ्यात महागड्या रात्री तुम्हीच खाणार. ईएमआय निघत नाही. पगारातून भरायची तयारी असेल आणि भाडं आलं तर बोनस असं धरत असाल तरच घ्या.

भाड्याने द्यायचंच तर नियमात द्या, राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे तिची चौकशी करा, स्थानिक परवानग्या घ्या. पाहुण्यांचे ओळखपत्र ठेवा. पूल असेल तर कुंपण आणि रात्री कुलूप, या एका गोष्टीत काटकसर नको, पोरं बुडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. आणि शेजारी गावकरी असतात हे विसरू नका, मुंबईहून आलेल्या टोळक्याने रात्री दोनला डीजे लावला की फोन तुम्हाला येतो, तुम्ही बोरिवलीला झोपेत.

समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, रस्ता मस्त आहे. पण भाव वाढणार ते वाढून झालेत, तुमच्या व्हिलाच्या किमतीत ते धरलेलेच आहेत. लोणावळ्याकडे हेच मिसिंग लिंकच्या, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याच्या, नावाने चाललेलं असतं.

ठाण्याची आहे. नवरा डोंगराच्या कुशीतला प्लॉट घ्यायचा म्हणतो, मला इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून झोप लागत नाही. माझी भीती उगाच आहे का?

उगाच नाही. ३० जुलै २०१४ माळीण, २२ जुलै २०२१ तळीये, १९ जुलै २०२३ ची रात्र इर्शाळवाडी. तारखा बघा, सगळा जुलै. या वाड्यांमधली माणसं हौसेने तिथे राहायला गेलेली नव्हती, आपण हौसेने जाणार, त्यामुळे आपल्याला निवड आहे तर ती नीट वापरावी.

होतं काय, की उतारावर खाली कातळ आणि वर झिजलेल्या दगडाची माती असते. चार-पाच दिवस सलग पाऊस लागला की ती माती पाण्याने जड होते, आतलं पाणी तिची पकड सोडवतं आणि सगळं खाली येतं. त्यात माणूस घर बांधायला उतार कापून सपाट करतो, झाडं काढतो, पाण्याची नैसर्गिक वाट बुजवतो. नवऱ्याला घेऊन जागेवर जा आणि प्लॉटकडे पाठ करून मागच्या डोंगराकडे बघा. मागे जेसीबीने उभा कापलेला मातीचा कडा आहे का? त्याला दगडी भिंत नाही, किंवा भिंतीला पाणी बाहेर पडायची भोकंच नाहीत, असं आहे का? झाडांचे बुंधे खालच्या बाजूला झुकलेत का? जमिनीला अर्धगोल भेगा आहेत का? वरून येणारा ओहोळ प्लॉटमध्ये येऊन संपतो का? यातलं एक जरी हो असलं तर दुसरा प्लॉट बघा. डोंगर कुशीत असण्यापेक्षा अर्धा किलोमीटर लांबून जास्त चांगला दिसतो, हे नवऱ्याला माझं नाव घेऊन सांगा. पठारावरची जागा घ्या, मग वारा जास्त लागेल, लागू दे.

माथेरानला बंगला मिळेल का? शांतता हवी.

मिळणं कठीण. तिथली बरीचशी जागा सरकारी भाडेपट्ट्याची, पट्टा कधी संपतो आणि नूतनीकरण झालंय का हा पहिला प्रश्न, त्यावर फेब्रुवारी २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन. गाडी दस्तुरी नाक्यालाच ठेवायची, मग तुमचा फ्रिज घोड्यावरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून वर जाणार. आणि माकडं. शांतता हवी असेल तर पावसाळ्यात मंगळवारी हॉटेलात जाऊन राहा, स्वस्त पडेल.

गोरेगाव. बायकोच्या नावावर घेतलं तर फायदा आहे का?

राहत्या घराची खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे. रजिस्ट्रेशन फी काही झालं तरी ३० हजारांच्या वर जात नाही. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे, लोक हे विसरतात आणि मग नोटीस येते. मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचं गणित पूर्ण वेगळं, सीएला विचारल्याशिवाय चेक फाडू नका. दोन घरं स्वतः वापरत असाल तर दुसऱ्यावर काल्पनिक भाडं धरून टॅक्स लागत नाही, तिसऱ्यापासून लागतो. बाकी बायकोच्या नावावर घर घेण्याचे फायदे तिलाच विचारा.

आम्ही तिघे साडू मिळून खोपोलीजवळ बंगला घेतोय. सगळे घरचेच आहेत, लेखी काही करायची गरज आहे का?

घरचे आहेत म्हणूनच गरज आहे. आम्ही पण तिघे साडूच, तुमच्यासारखेच. पहिली दोन वर्षं लेखी काही नव्हतं आणि भांडण कशावरून झालं माहितीय? गॅस सिलेंडरवरून. रिकामा कुणी ठेवला. तीन बहिणी सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, मंगळागौर पण वेगवेगळी झाली.

मग आम्ही बसून लिहिलं. खरेदीखतात तिघांचा हिस्सा टक्क्यात. खर्चासाठी तिघांचं एक वेगळं बँक खातं, दर महिन्याला प्रत्येकी ६ हजार, गेलात किंवा नाही गेलात तरी. दिवाळी, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि थर्टी फर्स्ट हे दर वर्षी फिरतं, या वर्षी ज्याची दिवाळी त्याला पुढच्या वर्षी थर्टी फर्स्ट. कुणाला बाहेर पडायचं असेल तर आधी उरलेल्या दोघांना विचारायचं, व्हॅल्युअरने काढलेल्या भावाने, पैसे द्यायला एक वर्ष. कुणी वारलं तर मुलांना हेच नियम. हे वकिलाकडून नीट लिहून घ्या, त्याला फार खर्च नाही.

आणि सिलेंडर दोन ठेवा.